‘मागचं सांगा’ म्हणणाऱ्या आमच्या बाई

डॉ. रत्नमालाबाई सावळे यांचा आणि माझा पहिला परिचय माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याने करून दिला. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करणे शोभत नाही, हे मला कळते. या लेखाचा पहिला खर्डा मी शोभेल असाच लिहिला होता. त्यात बाईंच्या कार्याला वटवृक्षाची उपमा होती आणि शेवटी माझीच एक चार कडव्यांची कविता होती. तो खर्डा मी फाडून टाकला. का फाडला, ते पुढे येईलच. आत्ता एवढेच सांगतो की हा दुसरा लेख मी पाय पाटावर ठेवून आणि मान खाली घालून लिहीत आहे.

तर तो अंगठा. मी तेव्हा रिसोडच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. त्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी मुलांचे कवितागायन बसवले होते. फुलपाखराची, आईची, पहाटेची, आमच्या लहानपणच्या पुस्तकांतल्या त्या कविता, ज्या मी अजूनही दात घासताना मनात म्हणतो. संमेलनाच्या सकाळी उठून पाहतो तर अंगठा वांग्यासारखा झालेला, तसाच जांभळा, तसाच तकतकीत. पांघरुणाचा काठ लागला तरी डोळ्यांपुढे काजवे चमकत. शेजारचे भास्करराव, जे आज आपल्या गौरव समितीचे कार्यवाह आहेत आणि तेव्हा नुकतीच धान्याची अडत सुरू केलेले तरुण होते, त्यांनी मला स्कूटरवर बसवले आणि बसस्टँडमागच्या बाईंच्या दवाखान्यात आणले. पायाला आमच्या मंडळींचे जुने मऊ लुगडे गुंडाळलेले होते.

“पाय मुरगळला,” मी म्हणालो.

बाईंनी लुगड्याकडे पाहिले, मग माझ्या तोंडाकडे. “गुरुजी, मुरगळल्या पायाले लुगडं सहन होते. तुमाले तं पंख्याचा वारा सहन होऊन नाई राह्यला.” आणि त्यांनी उठून पंखा बंद केला.

मी खोटे बोललो, कारण मला लाज वाटत होती. या रोगाला आयुर्वेदात वातरक्त म्हणतात, आणि जुन्या ग्रंथांत त्याचे आणखी एक नाव आहे, आढ्यवात, म्हणजे धनिकांचा वात. आमच्या शिक्षकांच्या खोलीत त्याला सरळ ‘सायबी रोग’ म्हणत. मटण आणि दारू यांशिवाय तो होत नाही, अशी सगळ्यांची खात्री होती. ज्याच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही, त्या मास्तराला हा रोग झाला म्हटल्यावर गाव काय म्हणेल?

बाईंनी पायाला हात लावला नाही. खुर्ची ओढून त्या समोर बसल्या आणि त्यांनी विचारले, “मागचं सांगा. आतालोक काय काय केलं या पायाले? मी हसत नाई. हसलीच तं तुमच्यासंगं हासीन.”

बाईंचे रुग्ण असलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न ठाऊक आहे. नाडी नंतर, रक्ततपासणीची चिठ्ठी नंतर, आधी ‘मागचं सांगा’. मी चाचरत सांगितले की हळद-मिठाचा गरम लेप लावला, त्याने आग वाढली. मग सासूबाईंनी बिब्ब्याचे तेल लावायला सांगितले, तेवढ्यात भास्करराव आले म्हणून वाचलो.

“लेप लावला, त्याच्यात काय एवढं,” बाई म्हणाल्या. “जुन्या रोमी लोकाईत हाच रोग झाला की वैद्य मानसाले समुद्रावर न्यायचे. तिथं एक मासा असे, हात लागला की झटका देनारा. तो जित्ता मासा पायाखाली ठेवायचा आन मानसानं त्याच्यावर उभं राह्यचं, पाय सुन्न होईलोक. तुमचं नशीब, रिसोडले समुद्र नाई.”

“पैनगंगा हाये ना,” दारातून भास्करराव म्हणाले. “पन तिथल्या मासोळ्या झटके देत नाईत. आमच्या अडतीवर बसवा गुरुजीले, तिथं भाव आयकून झटके बसतात.”

मी हसलो. त्या अवस्थेत हसलो. आणि हसताना लक्षात आले की मघापासून जे छातीत अडकले होते, ते अंगठ्याचे दुखणे नव्हतेच. त्या दिवशी मी स्टुलावर पाय ठेवून संमेलनाला बसलो. मुलांनी कविता म्हटल्या, आणि कोणी पायाबद्दल विचारले की मी त्याला त्या माशाची गोष्ट सांगितली. सायबी रोग म्हणून कोणीही कुजबुजले नाही, कारण सगळ्यांना मासा हवा होता.

बाई वैद्य तर होत्याच, पण दवाखाना थाटण्यापूर्वी काही वर्षे त्या आयुर्वेद महाविद्यालयात शिकवत असत आणि तिथे त्यांना वैद्यकाच्या इतिहासाचा नाद लागला. परीक्षेला फारसे न येणारे ते पाठ त्यांनी इतक्या गोडीने वाचले की त्यातले वातरक्ताचे प्रकरण जगभरातून गोळा केले. पण त्याचा ग्रंथ केला नाही, की व्याख्याने दिली नाहीत. तो सगळा इतिहास त्यांनी एकेका लाजलेल्या रुग्णासमोर, त्याच्या मापाने कापून, वापरून टाकला.

किन्हीराजाकडचे एक शेतकरी आठवतात. मी बाहेरच्या बाकावर होतो, पडदा अर्धा सरकलेला. ते गृहस्थ पायावरचा टॉवेल काही केल्या सोडेनात.

“सोडा ना भाऊ, लाजता कायले?”

“बाई, गावात डाग देल्ला एकानं. इळा तापवून. तुमी बोलसान.”

बाई बोलल्या नाहीत. जखम धुता धुता त्यांनी सांगितले की चीन-जपानात एका पाल्याचा कापूस करून, त्याचा बारीक शंकू सांध्यावर ठेवून पेटवत. गोऱ्या साहेबांनी ते पाहिले आणि आपल्या सुजलेल्या अंगठ्यांसाठी ती विद्या जहाजाने विलायतेला नेली. मोठमोठ्या दिवाणखान्यांत लोक पायावर असे विस्तव ठेवून बसत.

ते गृहस्थ म्हणाले, “मंग माहा डाग इलायतीच झाला म्हना.”

“इलायती हाये, पन पिकला हाये,” बाई म्हणाल्या. “आता परत कोनाले इळा लावू देऊ नोका. आन गावात ज्याले ज्याले असा डाग देल्ला, त्याले सांगा, बाई बोलत नाई.”

नंतर त्या गावाहून जीप भरून माणसे येऊ लागली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ते गृहस्थ जर त्या दिवशी टॉवेल आवळून तसेच परत गेले असते, तर ती जीप आली नसती.

असे किती सांगावे. तूप-चरबी चोळून आलेल्या म्हातारीला बाई सांगत की युरोपात एका काळी हंस सोलून त्याच्या पोटात मांजरीची पिल्ले चिरून भरत, तो भाजत आणि गळणारी चरबी सुजलेल्या सांध्याला लावत. म्हातारी तोंडाला पदर लावून म्हणे, “आमी बरे मंग बाई, आमी निदान मांजरं जित्ते ठेवले.” जडीबुटी विकणाऱ्या पंसाऱ्याकडून सुरंजान आणून अंदाजाने खाणाऱ्याला मात्र त्या हसू देत नसत. हा कंद अरबस्तानातले हकीम याच रोगावर देत, आजही आपण जी गोळी वेदना उसळल्यावर घेतो तिचे मूळ त्याच जातीच्या कंदात आहे, एवढा मान त्याला देऊन मग बाई आवाज उतरवून म्हणत, “औषध आन जहर याच्यामंधी एक चिमूट राह्यते, भाऊ. ते चिमूट तुमाले मोजता येते का?”

आणि जळवा. दवाखान्याच्या खिडकीत, बुद्धाच्या तसबिरीखाली, पाण्याची काचेची बरणी असे. शाळेतून परतताना मुले खिडकीच्या काचेला नाक लावून त्या बरणीकडे पाहत. माझ्या दुसऱ्या खेपेला बाईंनी सगळ्या तपासण्या करून, वाशिमच्या मोठ्या डॉक्टरांचाही सल्ला घेऊन, माझ्या पायाला जळू लावली. त्यांनी माझे पाऊल आपल्या मांडीवर घेतले होते. वयाने जवळपास बरोबरीच्या, विद्येने थोर अशा बाईंच्या मांडीवर माझा पाय! मी तो ओढून घेऊ लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, “हालू नोका गुरुजी, तिचा घास चुकते.” लाजेने मी डोळे मिटले आणि सवयीने पुटपुटू लागलो. तिथेच, जळू लागलेली असताना, ओळी सुचल्या:

घेई काळी जळू माझ्या
अंगठ्याचा काळा राग;
तिच्या पोटी माझे दुःख,
माझ्या पायी तिचा डाग.

“छान हाये,” बाई म्हणाल्या, “पन जळू कवितेनं सुटत नाई, हयदीनं सुटते.” आणि त्यांनी हळदीची चिमूट टाकली.

मंडळींच्या आजारपणात बाईंनी आमच्या घरी येऊन स्वतः पेज शिजवली, मला गुळवेलाचा वेल कुंडीत लावून दिला, पथ्य पाळायचे म्हणून मी लग्नकार्यांना जाणे सोडले तेव्हा रागावून मला स्वतःबरोबर एका लग्नाला नेले आणि पंगतीत शेजारी बसवून माझ्या पानातली जिलबी उचलून आपल्या पानात घेतली. हे लिहिताना त्या पंगतीतली दुपार डोळ्यांपुढे येते. निंबाच्या सावल्या, द्रोणातली कढी, आणि बाईंचा न बोलता पुढे आलेला हात. पण आता ती जिलबी मला गोड आठवत नाही. त्याचे कारण सांगण्याआधी बाईंच्या वडिलांविषयी सांगायला हवे.

ते बाईंनी मला एकदाच सांगितले, तेही मी विचारले म्हणून. वडील शेतमजूर. उन्हातान्हात, अर्धपोटी, पाण्यावाचून राबणारा माणूस. त्यांचा अंगठा सुजला, तसा गावाला विषय मिळाला. ‘सावळ्याले सायबाचा रोग झाला’, ‘कोनाच्या घरचं मटन खाते रे’, असे पारावर चाले. वडिलांनी पाय लपवायला सुरुवात केली. सुजलेल्या पायावर वहाण चढवून कामाला जात. दवाखान्यात गेले तर चार लोक पाहतील म्हणून गेले नाहीत. गोठ्यात लपून कोणाकडून तरी डाग देऊन घेतला, तो चिघळला, तोही लपवला. शेवटी पाऊल कापावे लागले. बाई तेव्हा शाळेत होत्या.

“रोगानं नाई गेला गुरुजी माह्या बापाचा पाय,” त्या म्हणाल्या होत्या. “लाजेनं गेला. तवापासून मी हेच काम करून राह्यली. औषध तं कोनीबी देते.”

आता गौरव समितीकडे येतो.

बाईंना पंचाहत्तरावे लागते आहे हे कळल्यावर आम्ही रुग्णमंडळी एकत्र आलो. वयामुळे मला अध्यक्ष केले, उत्साहामुळे भास्कररावांना कार्यवाह. आम्ही बाईंना भेटायला गेलो, तेव्हा शाल, नारळ, मानपत्र ही नावे ऐकून त्यांनी हात जोडले. भास्करराव हटेनात. शेवटी बाई म्हणाल्या, “बरं, येईन. पन एक अट. मांडवाच्या दारात एक टेबल ठिवा. ज्यानं त्यानं आपल्या पायाले काय काय केलं, ते आनून त्याच्यावर मांडायचं आन खाली आपलं नाव लिहायचं. लोकाईनं आधी ते पाहावं, मंग माही शाल पाहावी. नाव लिहायले कोनी लाजला नाई पायजे.”

आम्ही आनंदाने होकार दिला. खरे सांगायचे तर आम्हाला ते सोपे वाटले. प्रत्येकाच्या माळ्यावर काहीतरी होते. कोणाच्या आजाचे रक्त ओढायचे शिंग, कोणाची तुंबडी, बिब्बे, विळा. माझ्याकडे आजोबांचे तांब्याच्या कडीचे शिंग आहे, ते मी घासूनपुसून काढले. आजोबांची लाज मांडायला कोणाला लाज वाटते?

समितीच्या बैठका भास्कररावांच्या ओसरीवर होत. अडत्याचे घर आहे. प्रत्येक बैठकीला गरम जिलबी, भजी, वर थंडगार गोड पेयांच्या बाटल्या. बाईंच्या पथ्यनिष्ठेवर कोण बोलणार, हे आम्ही जिलबी खात ठरवत होतो. शिवाय मी माझी रोजची गोळी कधीच सोडून दिली होती. दुखत नव्हते ना! आणि मग, या लेखाच्या पहिल्या खर्ड्यात ‘बाईंनी आम्हांस शिस्त शिकवली’ हे वाक्य लिहिले त्याच आठवड्यात, अंगठा पुन्हा वांग्याचा झाला.

कार्यक्रम तोंडावर आलेला. अध्यक्षाने व्यासपीठावर उभे राहून बोलायचे. बाईंकडे जावे तर त्या विचारणार, ‘मागचं सांगा’, आणि मागे काय तर सोडलेली गोळी आणि जिलबी. कोणाच्या सत्काराच्या बैठकीतली जिलबी? त्यांच्याच. माझी हिंमत झाली नाही. शेलूबाजारला एक पुडीवाला आहे, म्हातारी माणसे त्याच्याकडे जातात आणि नाचत येतात, असे ऐकून होतो. मंडळींना वाशिमला ग्रंथालयात जातो असे सांगितले, डोक्याला उपरणे गुंडाळले आणि लंगडत जीपमध्ये चढलो.

पुडीवाल्याच्या ओसरीवर रांग होती. माझ्यापुढे एक धिप्पाड गृहस्थ, तोंडाला दुपट्टा बांधून, डाव्या पायात चप्पल आणि उजव्या पायात नुसता मोजा घालून बसले होते. मी त्यांच्या पाठीकडे पाहत होतो. ती पाठ मी स्कूटरवर मागे बसून पाहिलेली होती.

“भास्करराव,” मी हळूच म्हणालो.

पाठ दचकली. दुपट्ट्यातून आवाज आला, “कोन भास्करराव? मी नाई.” मग थोड्या वेळाने, न वळता, “मास्तर, तुमी काहून आले इथं?”

“तुम्ही काहून आले?”

“मले कार्यवाह म्हनून धावपळ करा लागते. लंगडत कसा करू?”

“आणि मला उभं राहून बोलावं लागतं.”

“बाईले काई सांगू नोका.”

“तुम्हीही सांगू नका.”

“मी तं इथं आलोच नाई,” भास्करराव म्हणाले, आणि आपली पाळी आल्यावर लंगडत आत गेले.

अशा रीतीने, लाज सोडा असे आयुष्यभर सांगणाऱ्या बाईंचा सत्कार नीट व्हावा म्हणून, त्यांच्या गौरव समितीचे अध्यक्ष आणि कार्यवाह तोंडे बांधून पुडीवाल्याच्या रांगेत बसले. असे पराक्रम आमच्यासारखेच करू जाणोत.

पुडीने गुण आला, हे लपवत नाही. दुसऱ्या दिवशी मी अंगणात फेऱ्या मारल्या. भूक लागली, झोप लागली, कविता सुचल्या. ती चार कडवी तेव्हाचीच. मग हळूहळू चेहरा फुगू लागला. तहान तहान होऊ लागली. एका सकाळी अंगणात भोवळ येऊन बसलो. मंडळी म्हणाल्या, “तोंड पुरनाच्या पोयीवानी झालं हाये. लिवत बसले म्हनून असं होत नाई. चाला बाईकडे.”

दवाखान्यात बाईंनी साखर तपासली. आकडा पाहून माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. मग खुर्ची ओढून समोर बसल्या.

“मागचं सांगा, गुरुजी.”

मी पाय खुर्चीखाली सरकवला.

“काय खाल्लं? कोनाची पुडी?”

मी मान खाली घालून म्हणालो, “काही नाही.”

मला वाटले, आता त्या गोष्ट सांगतील. तो मासा, तो हंस, पायावर विस्तव ठेवून बसलेले साहेब. जगातल्या कोणत्यातरी मोठ्या माणसाने माझ्याहून मोठा वेडेपणा केलेला असेल, तो काढून बाई माझ्यापुढे ठेवतील, मी हसेन आणि मग सगळे सांगेन. मी वाट पाहत होतो. गोष्ट आली नाही. खिडकीतल्या बरणीत जळवा हलत होत्या.

मग बाई म्हणाल्या, “माह्या लाजेनं गेलते का तुमी?”

मी वर पाहिले. त्या रागावलेल्या नव्हत्या. मी शाळेत इतकी वर्षे काढली, चेहरे वाचणे हाच माझा धंदा. पण बाईंच्या चेहऱ्यावर असे कधी पाहिले नव्हते. आपणच दिलेले औषध बाधले, हे कळल्यावर वैद्याचा चेहरा कसा होत असेल, तसा.

“माह्या बापानं गावाची लाज धरली,” त्या म्हणाल्या. “तुमी माही धरली. म्हंजे मी गावाच्या जागी जाऊन बसली का गुरुजी?”

 मग मी सांगितले. गोळी, जिलबी, उपरणे, जीप, सगळे. भास्कररावांचे नाव तेवढे घेतले नाही. बाईंनी ऐकून घेतले. मग त्या उठल्या, वाशिमच्या डॉक्टरांना फोन लावला, आणि मला समजावले की असल्या पुड्यांत बहुधा स्टिरॉइड मिसळलेले असते, त्याने चेहरा फुगतो, साखर वाढते, आणि ते एकदम सोडले तरी का बाधते, आता रोज कोणाच्या नजरेखाली राहायचे. मंडळींना पथ्य सांगितले. माझ्या पायाखाली उशी सरकवली. सगळे नेहमीसारखे, फक्त गोष्ट नाही.

निघताना मी विचारले, “बाई, तुम्ही कार्यक्रमाला याल ना?”

“टेबलावर तुमचं काय हाये?”

“आजोबांचं शिंग.”

“ते आज्याचं झालं,” बाई म्हणाल्या. “तुमचं काय हाये?”

घरी आल्यावर मी पहिला खर्डा फाडला आणि भास्कररावांना बोलावले. ते मोजा घालूनच आले. त्यांचाही चेहरा भरला होता. मी त्यांना म्हणालो की तुमचे नाव मी बाईंना सांगितलेले नाही, लेखातही घालणार नाही; पण मी माझे लिहिणार आहे.

 “मास्तर, तुमी फुटले,” ते म्हणाले. मग, “बाई काय म्हनल्या?” मी बाईंचे वाक्य जसेच्या तसे सांगितले, गावाच्या जागी बसल्याचे. अडतीवर दिवसभर शंभर लोकांना टोमणे मारणाऱ्या भास्कररावांनी उपरण्याने नाक पुसले, ते दाराशी गेले आणि तिथून म्हणाले, “माहं नाव लिवा. बापाच्या नावासकट लिवा. मी आता बाईकडेच चाललो.” हा लेख त्यांना वाचून दाखवला आहे. रांगेतला ‘मी नाई’ हा संवाद गाळू का, असे विचारले, तेव्हा म्हणाले, “तोच तं खरा हाये.”

वाचकहो, हा ग्रंथ तुमच्या हाती येईल तेव्हा मांडवाच्या दारातले टेबल तुम्ही ओलांडून आला असाल. घाईत आला असाल तर कृपया परत जा. शिंग आहे, तुंबडी आहे, किन्हीराजाचा तो विळा आहे, बिब्बे आहेत, सुरंजानाचा कंद आहे. या रोगावर माणसाने काय काय केले, त्याचा तो आमच्या तालुक्यापुरता इतिहास आहे. आजोबांच्या शिंगापुढे कागदाची एक चुरगळलेली पुडी ठेवलेली दिसेल. तिच्याखाली माझे नाव मी स्वतः, फळ्यावर लिहावे तसे मोठ्या अक्षरात लिहिले आहे. तिच्या शेजारी भास्कररावांची पुडी आहे. पुढे बरीच जागा मोकळी सोडली आहे. खिशात काही असेल, तर ठेवा. बाई आधी टेबल पाहणार आहेत आणि मगच पुढे यायचे की नाही ते ठरवणार आहेत, असा त्यांचा निरोप आहे. मी त्यांना ओळखतो. त्या टेबलापाशी कोणी एकजण जरी घुटमळताना दिसला, तरी त्या खुर्ची ओढून तिथेच बसतील.

मी व्यासपीठावर उभा राहू शकणार नाही. खुर्चीवर बसून, पाय स्टुलावर ठेवून बोलेन, जसा त्या पहिल्या संमेलनाला बसलो होतो. पाय सर्वांना दिसेल. दिसू दे.

बाईंना खूप आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे, डोळे, तो न बोलता पुढे येणारा हात शाबूत राहोत. खिडकीतली बरणी भरलेली राहो. त्यांनी पुढची कित्येक वर्षे खुर्ची ओढून समोर बसावे आणि विचारावे, ‘मागचं सांगा’. आणि त्यांना गोष्ट सांगावीशी वाटेल इतके खरे, आम्हाला पहिल्याच खेपेस सांगता यावे.